‘डिलाइट’चे कार्ड

मित्रांनो, तुम्ही शब्दकोश उघडता, हवा तो शब्द शोधता, अर्थ वाचता आणि कोश मिटून टाकता. छापून येण्याआधी तो अर्थ कोणीतरी एका जाड कागदावर हाताने लिहिलेला असतो, हे तुमच्या गावीही नसते. तो जाड कागद म्हणजे मी. पोस्टकार्डापेक्षा बोटभर लहान, कडांना पिवळा पडलेला आणि खालच्या बाजूला एक भोक असलेला. शब्दकोशाच्या कचेरीत मला ‘कार्ड’ म्हणतात. लाकडी खणात माझ्यासारखी शेकडो कार्डे उभी असतात. त्यांच्या भोकांतून एक पितळी सळई जाते, म्हणजे कोणी कितीही घाईने खण ओढला तरी आम्ही जागा सोडत नाही. माझा खण ‘डी’चा. माझ्या माथ्यावर जो इंग्रजी शब्द लिहिला आहे, तो आहे ‘डिलाइट’.

माझा जन्म एका चुकीतून झाला. ही गोष्ट मी लपवत नाही, कारण कचेरीत ती सगळ्यांना माहीत आहे.

ही कचेरी म्हणजे एका बाइंडरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. एका खोलीत सर बसतात. ते कोशाचे संपादक. मधल्या खोलीत टेबले, खणांची कपाटे आणि टंकलेखिका बाई. तिसऱ्या खोलीत, खिडकीपाशी, तेव्हा मुद्रितशोधक बसत. मुद्रितशोधक म्हणजे छापण्याआधी प्रत्येक पान तपासून चुका काढणारा माणूस. त्यांच्या हातात सदैव एक भिंग असे, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. सव्वीस वर्षे त्यांनी हेच काम केले. त्यांची लाल पेन्सिल एखाद्या शब्दावरून आडवी फिरली की तो शब्द गेलाच म्हणून समजा. मुद्रितशोधकांची आणखी एक खूण असते. चुकून काट मारली गेली आणि मूळचेच बरोबर होते असे लक्षात आले, तर काटलेल्या शब्दांखाली टिंबे द्यायची. त्याचा अर्थ ‘असू दे’. पण भिंगकाकांनी टिंबे दिलेली कोणी पाहिली नव्हती. “मी काट मारायच्या आधी विचार करतो, नंतर नाही,” असे ते म्हणत.

त्यांची मुलगी त्याच कचेरीत नव्याने कामाला लागली होती. कार्डांवर अर्थ आणि वापर लिहायचे तिचे काम. तिला सगळे ताई म्हणतात, तेव्हा मीही ताईच म्हणतो. कोशाची पहिली आवृत्ती छापून आली त्या सकाळी सगळे नवी कोरी पाने उलटत उभे होते. एकाएकी ताई जोरात ओरडली, “सर, डिलाइट राहिलाच की!”

खरेच राहिला होता. ‘डिलिशस’ म्हणजे चविष्ट, आणि त्याच्यापाठोपाठ एकदम ‘डिलिमिट’ म्हणजे हद्द आखणे. टंकलेखिका बाई म्हणाल्या, “बघा, जेवण चविष्ट झालं आणि लगेच हद्द आखून दिली. आनंदाला मध्ये शिरायला वावच नाही!” सगळे पोट धरून हसले. ताईही हसली. भिंगकाका तेवढे हसले नाहीत. पानावरची एक अख्खी ओळ त्यांच्या नजरेतून सुटली होती. त्यांनी भिंग खिशात घातले, लाल पेन्सिल मेजाच्या खणात ठेवली, मग काय वाटले कोणास ठाऊक, ती परत उचलून घेतली आणि जिना उतरून गेले. महिनाअखेरीस त्यांचा राजीनामा आला.

चूक सापडली त्याच दुपारी मला तयार केले. बाइंडरकडच्या उरलेल्या जाड कागदातून मला कापले, भोक पाडले आणि ताईने निळ्या शाईने माझ्या माथ्यावर शब्द लिहिला. आपण काय करून बसलो ते तोवर तिला कळले होते.

आता माझ्या शब्दाविषयी थोडे सांगतो. आनंदासाठी इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत. ‘हॅपी’ कोणीही, कधीही असू शकतो. ‘जॉय’ला कारण लागतेच असे नाही, तो आतून येतो. सर म्हणायचे, “डिलाइटला समोर काहीतरी लागतं. एखादी वस्तू, एखादं माणूस, एखादी गंमत. ते समोर आलं की चेहऱ्याला आधी कळतं, माणसाला मागाहून.” म्हणून तो शब्द वापरताना कशाचा डिलाइट, कशात डिलाइट, हे बहुतेक वेळा सोबत येते. अर्थाची बाजू ताईने पहिल्याच दिवशी भरून टाकली. अडले ते वापराच्या बाजूला.

आमच्या कचेरीचा एक नियम आहे. शब्दाचे उदाहरण टेबलाशी बसून रचायचे नाही. लिहिणाऱ्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे, आणि पाहिले त्या दिवसाची तारीख खाली घातली पाहिजे. सर त्यावर हिरव्या शाईने सही करतात. एका गृहस्थांनी एकदा पाच वाक्ये मनानेच रचली होती. सरांनी त्यांचा खण काढून घेतला आणि त्यांना पाकिटांवर पत्ते लिहायला बसवले. तारखा कोशात छापत नाहीत, पण कार्डावर त्या असतातच.

माझ्यासाठी सगळ्यांनी पत्रांतली वाक्ये आणली. ‘आपणास कळवण्यास आम्हांला डिलाइट होत आहे.’ ‘आपल्या उपस्थितीने आम्हांला डिलाइट होईल.’ सरांनी ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, “असाही वापर आहे, तेव्हा नोंदवायला हवाच. पण दुसऱ्या क्रमांकावर. या पत्रांत शब्द आहे, चेहरा नाही. पहिली जागा रिकामी ठेवा.”

ती जागा चौदा वर्षे रिकामी राहिली. तुम्ही म्हणाल, चौदा वर्षांत कोणाचा चेहरा खुलला नाही की काय? खुलला असेल. पण त्या कचेरीत माझा शब्द कोणी फारसा उच्चारत नसे. ताईपुढे तर नाहीच. दुसऱ्या आवृत्तीचे काम चालू होते, खण उघडत होते, मिटत होते, आणि माझ्यापाशी आले की बोटे झटकन पुढच्या कार्डावर जात.

घरी काय चालले होते ते मला ताईच्या बोलण्यातून कळायचे. जेवणाच्या सुटीत ती टंकलेखिका बाईंशी माझ्या खणापाशी उभी राहून बोलत असे. घरात दोघेच, वडील आणि ती. भांडण नाही, तंटा नाही. “चहा ठेवलाय.” “हं.” “दिवा घालवू?” “घालव.” एवढ्यावर दिवस निघायचा. ती कामावरून आली की भिंगकाका वर्तमानपत्रातून मान वर करत नसत. ताई म्हणायची, “ओरडले असते तर बरं वाटलं असतं हो. एकदा तरी रागाने बघा म्हणावं.” बाई म्हणायच्या, “तू माफी का मागत नाहीस?” त्यावर ताई डबा उचलून निघून जायची. पहिल्या आठवड्यात मागायची राहिलेली माफी चौदा वर्षांनी मागायला फार बळ लागते.

दुसऱ्या आवृत्तीचा ‘डी’ छापायला जायची वेळ आली. सरांनी सांगितले, महिन्याच्या तीस तारखेला सगळी कार्डे पुरी हवीत. तीस तारखेला पाच वाजता एकच कार्ड अपुरे होते, ते म्हणजे मी. ताईने मला सळईतून काढले, समोर ठेवले आणि बराच वेळ पाहत बसली. मग तिने पहिल्या जागी इंग्रजीत एक वाक्य लिहिले. आपल्या भाषेत ते असे होते: ‘मुलगी समोर दिसली आणि वडिलांचा चेहरा आनंदाने खुलला.’

मित्रांनो, तिने हे पाहिले नव्हते. तिला जे पाहायचे होते, ते तिने लिहिले होते.

आजचीच तारीख घातली तर घाईघाईने लिहिले असे दिसेल, म्हणून तिने मागची कुठलीतरी घालायची ठरवली. हातून एकोणीस पडली. तीच का पडली, ते तिलाही तेव्हा उमगले नाही. शाई वाळायच्या आत तिने मला सरांपुढे ठेवले.

सरांनी वाचले. पुन्हा वाचले. त्यांचे डोळे पाणावले. भिंगकाका त्यांचे जुने मित्र. राजीनाम्यानंतर तिकडेही बोलणे तुटले होते. “बरं झालं गं,” सर म्हणाले. “तुमचं घरातलं बोलणं सुरू झालं तर. मला बोलली नाहीस ती!” त्यांनी फर्रकन हिरवी सही केली. “मी रविवारी येतो तुमच्याकडे. हे कार्ड मीच घेऊन येईन. वाचून दाखवतो त्याला. आता मीही कशाला अबोला धरून बसू?”

ताईच्या तोंडचे पाणी पळाले. सर इतके खूश झाले होते की त्यांना तिचा चेहरा दिसलाच नाही. मी मात्र त्यांच्या टेबलावर उताणा पडून तो पाहत होतो.

शनिवारी कचेरी लवकर सुटली. कार्ड बाहेर न्यायला कोणालाच परवानगी नाही, तरी ताईने मला सरांच्या टेबलावरून उचलले आणि आपल्या पिशवीत घातले. चौदा वर्षांत मी पहिल्यांदा जिना उतरलो. पिशवीत एक छत्री, एक किल्ली आणि डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती.

घरात भिंगकाका खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. भिंग तेच, हात मात्र पुष्कळ म्हातारे झाले होते. ताईने मला पिशवीतून काढले आणि वर्तमानपत्रावरच ठेवले.

“बाबा, हे उद्या सर तुम्हाला दाखवायला आणणार आहेत. त्याआधी तुम्ही वाचा. हे खोटं आहे. मी पाहिलं नव्हतं.”

भिंगकाकांनी मान वर केली नाही. पण कागद पुढ्यात आला की तो तपासल्याशिवाय सोडायचा, हे त्यांच्या रक्तातच नव्हते. त्यांनी भिंग माझ्यावर धरले. माथ्यावरचा शब्द पाहून ते जरा थांबले. मग अर्थ वाचला. मग मला उलटे केले. वाक्य वाचून त्यांचा चेहरा अगदी दगडासारखा झाला. भिंग खाली सरकले आणि तारखेवर येऊन थांबले.

“एकोणीस?” ते म्हणाले.

“हो.”

“एकोणीसला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.”

ताईने तोंडावर हात ठेवला. त्या महिन्यात घरात एकोणीस, एकोणीस चालले होते. डॉक्टरांची एकोणीस, रजेची एकोणीस. हातून तीच पडली होती.

“एका डोळ्यावर ही एवढी पट्टी,” भिंगकाका म्हणाले. आवाज चढत चालला होता. “दुसऱ्याने आधीच अंधार. खोलीत डॉक्टर आला की तू आलीस, ते मला चपलांच्या आवाजावरून ओळखावं लागत होतं. आणि म्हणे, मुलगी समोर दिसली! चूक! सरळसरळ चूक!” त्यांनी टेबलावर थाप मारली. “आणि खाली सही कोणाची? तुझ्या सरांची! त्याच्या नजरेतून सुटली! कार्डावर असली घोडचूक, आणि हिरवी सही करून मोकळा!”

आणि ते हसायला लागले. नुसते हसले नाहीत, खांदे हलवून, डोळे मिटून, खोकला येईपर्यंत हसले. ताईने पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी घेतला, पण मला दुसऱ्या हातातून सोडले नाही.

ताई खाली बसली. “बाबा, त्या दिवशी मी ओरडले ना सगळ्यांसमोर, तेव्हा मलाही असंच झालं होतं. चूक सापडल्याचा आनंद झाला. ती तुमची आहे हे मागाहून डोक्यात शिरलं. चुकलं माझं.”

भिंगकाकांनी पेला खाली ठेवला. “चूक सापडली की होतो आनंद. मला कळत नाही का? जन्मभर तेच केलं मी.” मग म्हणाले, “ओळ सुटली याचा राग नव्हता गं. तुझ्या आवाजातली खुशी ऐकली ना, ती लागली मला. मग बोलायचं कसं तेच सुचेना. आणि राहिलंच.”

भिंगकाका उठले, कपाटातून एक पत्र्याची डबी काढली आणि डबीतून लाल पेन्सिल. तीच ती, मेजाच्या खणात ठेवून परत उचललेली. टोक काढायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी ताईच्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली, तारखेवरूनही मारली. आमच्या कचेरीत काटलेले खोडून टाकत नाहीत, ते वाचता आले पाहिजे असा नियम आहे. पण मला ती रेघ बोचली हे खरे. चौदा वर्षांनी मिळालेले पहिले वाक्य होते ते.

रविवारी सर आले ते भेदरलेले. कार्ड कुठे सापडेना म्हणून त्यांनी सगळी कचेरी पालथी घातली होती. दारातच भिंगकाकांनी मला त्यांच्या नाकापुढे धरले. “ये, ये. ही सही तुझीच ना? आणि ही तारीख बघ. त्या दिवशी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून हिची रजा होती. रजेचा अर्ज तुझ्याच टेबलावर येतो की नाही? चष्म्याचा नंबर बदलून घे!”

सरांनी तारीख पाहिली, लाल रेघ पाहिली, ताईचा पडलेला चेहरा पाहिला. सगळे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी आपल्या मित्राच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पाहतच राहिले. शेवटी खिशातून पेन काढून ताईला म्हणाले, “लिही. ‘म्हाताऱ्या मुद्रितशोधकाला चूक सापडल्याचा डिलाइट लपवता आला नाही.’ तारीख आजची घाल. पाहणारे दोघं आहेत, दोघांच्या सह्या होतील.” आणि लगेच आवाज कडक करून, “आणि ‘डी’चा खण महिनाभर माझ्याकडे. पाकिटं पुष्कळ पडलीत पत्ते लिहायची.”

ताईने महिनाभर पत्ते लिहिले. तिला ते जड गेले नाहीत. कारण संध्याकाळी घरी तिला भिंगकाकांना सांगावे लागे, कोणता पत्ता चुकीचा आला होता ते.

दुसरी आवृत्ती छापून आली. तिच्यात माझा शब्द ‘डिलिशस’ आणि ‘डिलिमिट’ यांच्यामध्ये नीट बसला आहे. कोश खपला. शाळांतून कौतुकाची पत्रे आली. ‘आम्हांला डिलाइट झाला’ असे त्यांतही होते, ते सरांनी दुसऱ्या क्रमांकाखाली नोंदवले. मग पुन्हा छपाई करायची ठरली आणि सगळी कार्डे एकदा तपासून हवीत, असे सर म्हणाले. तपासणार कोण? जिने चढणे आता भिंगकाकांना झेपत नाही. म्हणून नियम वाकवून कार्डांचे गठ्ठे त्यांच्या घरी जाऊ लागले.

एका दुपारी माझी पाळी आली. ताई कचेरीत होती. भिंगकाकांच्या दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन एव्हाना झाले होते आणि त्यांना माझ्यावरचे तंतूसुद्धा दिसत होते. त्यांनी नवे वाक्य वाचले आणि मिशीत हसले. मग काटलेले वाक्य वाचले. भिंग बाजूला ठेवले. बाहेर कोणीतरी गालिचा झटकत होते, तो आवाज थांबेपर्यंत ते बसून राहिले. मग त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि आपणच मारलेल्या रेघेखाली, एका शब्दाखाली एक, टिंबे देत गेले. एकोणीसच्या जागी वीस केले. आणि कडेला बारीक अक्षरात लिहिले:

‘वीसला सकाळी पट्टी काढली. समोर ही होती. पिशवीत औषधं भरत होती, हिने वर पाहिलं नाही. वाक्य असू दे. तारीख तेवढी चुकली.’

खाली सही केली आणि मला गठ्ठ्यात माझ्या जागी ठेवून ते पुढचे कार्ड वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी मधल्या खोलीत ताईने गठ्ठा सोडला. एकेक कार्ड पाहत ती माझ्यापाशी आली. लाल टिंबे तिला दिसली. तिने कडेची अक्षरे वाचली. टंकलेखिका बाई समोरच होत्या, सर पलीकडच्या खोलीत होते. या वेळी ताईने कोणालाही हाक मारली नाही. तिने मला सळईत ओवले, खण मिटला, अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली आणि घरी गेली. ती घरात शिरली तेव्हा काय झाले ते मी सांगू शकत नाही. मी खणात होतो, आणि न पाहिलेले सांगायचे नाही असा आमचा नियम आहे.

मित्रांनो, आता माझ्या दोन्ही बाजू भरल्या आहेत. कडा झिजल्या आहेत, भोक सैल झाले आहे. आणखी एकदोन छपाया झाल्या की मला कोणी काढणारही नाही, आणि त्याची माझी तक्रार नाही. एकच मागणे आहे. तुमच्या शब्दकोशात माझा शब्द काढलात, तर पान हलक्या हाताने उलटा, कारण त्यातली ओळन् ओळ कोणाच्या तरी डोळ्यांनी तपासलेली आहे. आणि घरी गेलात की पिशवीतले सामान नंतर काढा. आधी मान वर करून समोरच्या माणसाकडे बघा.